मध्यशहरात भाड्याचं घर घेताय? तेराव्या महिन्याचा हिशेब आधी करा

शहर वाढायला लागलं की त्याचा दुर्लक्षित मध्यभागही पुन्हा वस्तीला येतो. रिकाम्या पडलेल्या कचेऱ्यांचे फ्लॅट होतात, गोदामांना नव्या काचा लागतात, मोकळ्या पार्किंगच्या जागी वीस मजले उभे राहतात. नोकरीसाठी नव्याने आलेल्या माणसाला हे सगळं सोयीचं वाटतं: चालत ऑफिस, नवीकोरी लिफ्ट आणि वर 'दोन महिने भाडं माफ'.

मीही अशीच आले. वर्षाचा करार, त्यात दोन महिने माफ. दहाव्या महिन्यात कराराच्या नूतनीकरणाचं पत्र हातात पडलं तेव्हा कळलं की मी दरमहा सरासरी जितके पैसे भरत होते, त्यापेक्षा चौथाईहून जास्त भाडं आता मागितलं जाणार आहे. करारात लपवलेलं काही नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण लहानपणापासून ऐकलेली, पण तिचा अर्थ त्या दिवशी अंगावर आला. त्यानंतर मी याच भागात दोन घरं बदलली. त्यात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. हा भाग कोणत्या टप्प्यावर आहे, ते आधी ओळखा

मध्यशहराचं पुनरुज्जीवन आपोआप होत नाही. बहुतेक ठिकाणी त्यामागे महापालिकेची सवलत असते. न्यूयॉर्कने १९९५ मध्ये लोअर मॅनहॅटनमधल्या जुन्या कचेऱ्यांची घरं व्हावीत म्हणून करसवलत आणली. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये जुन्या इमारतींच्या पुनर्वापराचे नियम सैल केले. कॅनडातल्या कॅलगरीत तेलाच्या धंद्यातल्या मंदीनंतर कचेऱ्या ओस पडल्या, तेव्हा २०२१ पासून कचेरीचं घर करणाऱ्या मालकांना शहराने थेट अनुदान देऊ केलं. सवलत जाहीर झाली की अनेक बांधकामं एकाच सुमाराला सुरू होतात आणि अर्थातच एकाच सुमाराला पुरीही होतात. भाड्याच्या बाजारातले चढउतार बरेचसे या एकाच गोष्टीतून येतात.

साधारण तीन टप्पे दिसतात. पहिल्यात दोनचार इमारती वस्तीला आलेल्या असतात, संध्याकाळी रस्ते सुनसान आणि किराणा लांब. दुसऱ्यात एकदम खूप घरं तयार होतात आणि मालक भाडेकरूंच्या मागे लागतात. तिसऱ्यात इमारती भरतात आणि सवलती बंद होतात. तुम्ही बहुधा दुसऱ्या टप्प्यात घर घ्याल आणि करार संपेल तेव्हा भाग तिसऱ्यात गेलेला असेल.

टप्पा ओळखायला फार काही लागत नाही. रात्री साडेआठच्या सुमाराला रस्त्यावर उभं राहून नव्या इमारतीतल्या दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. उभ्या क्रेन मोजा. महापालिकेच्या नगररचना किंवा बांधकाम परवाना विभागाकडे मंजूर झालेल्या बांधकामांची माहिती असते आणि बऱ्याच शहरांत ती कोणालाही पाहता येते. पुढच्या वर्षभरात जवळपास किती घरं तयार होणार आहेत, हे तिथे कळतं. शहरातल्या रिकाम्या भाड्याच्या घरांचं प्रमाणही शोधा. ३ ते ५ टक्के हा साधारण समतोल मानला जातो. त्याहून कमी असेल तर मालकाचं पारडं जड, जास्त असेल तर तुमचं.

एक इशारा. तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यावर 'लवकरच सुरू' असा फलक असतो आणि आत दुकानाचं सुंदर चित्र. दुकानदार रहिवासी येण्याची वाट पाहतात, म्हणून गाळे सगळ्यांत शेवटी भरतात. आज जे दुकान उघडं आहे तेवढंच हिशेबात धरा.

२. इमारत मुळात कशासाठी बांधली होती?

हा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारलाच नव्हता. आता फ्लॅटचं क्षेत्रफळ विचारण्याआधी हे विचारते, कारण घरातले निम्मे त्रास याच उत्तरात असतात.

कचेरीची इमारत रुंद असते. कर्मचारी दिव्याखाली काम करत, त्यामुळे खिडकीपासून मजल्याच्या मध्यापर्यंतचं अंतर खूप. तिचे फ्लॅट पाडले की ते लांबट आणि अरुंद होतात: एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला अंधार. नकाशात ज्याला 'अभ्यासिका' म्हटलेलं असतं, ती खोली पुष्कळदा बिनखिडकीची असते. झोपण्याची खोली म्हणून ती तुम्हाला दाखवत असतील तर तिला बाहेरची हवा आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आहे का, ते स्वतः बघा. खिडक्या उघडतात का, तेही उघडून बघा. जुन्या काचेच्या कचेऱ्यांत त्या कायमच्या बंद असतात. मग सगळी भिस्त मध्यवर्ती वातानुकूलनावर, आणि त्याचं बिल कोण भरतं हा पुढचा प्रश्न. कचेरीत स्वच्छतागृहं मजल्याच्या मध्यभागी एकत्र असायची. घरं करताना प्रत्येक फ्लॅटपर्यंत नवे नळ नेलेले असतात, म्हणून वरच्या मजल्यावर शॉवर आणि बेसिनचा नळ एकदम सोडून पाण्याचा दाब बघा.

गोदामाच्या घरात उंच छत आणि मोठ्या खिडक्या मिळतात. त्याबरोबर गरम किंवा थंड करायची हवाही जास्त मिळते आणि वीजबिलात ती दिसते. मूळची लाकडी जमीन ठेवली असेल तर वरच्या माणसाचं प्रत्येक पाऊल तुम्हाला मोजता येईल.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे फसगत सर्वांत जास्त होते. बोलण्याचा, टीव्हीचा आवाज हवेतून येतो. पावलांचा आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज बांधकामातूनच येतो. भिंत जाड असली म्हणून दुसरा अडत नाही. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या बांधकाम संहितेत दोन घरांमधल्या भिंतीचा ध्वनिरोधाचा निर्देशांक (एसटीसी) किमान ५० असावा लागतो आणि दलाल हा आकडा अभिमानाने सांगतात. पण हा आकडा १२५ हर्ट्झच्या खालचे, म्हणजे खर्जातले, आवाज धरतच नाही. खालच्या मजल्यावर संगीत वाजवणारा बार असेल तर त्याचा ठोका नेमका त्याच पट्ट्यात असतो. शिवाय इंग्लंडमध्ये २०१८ पासूनच्या नियोजन धोरणात आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात असं तत्त्व आहे की आधीपासून चालू असलेल्या संगीतस्थळाशेजारी नवी घरं बांधली, तर आवाज रोखण्याची तजवीज घरं बांधणाऱ्याने करायची. म्हणजे बारविरुद्ध तक्रार करून फारसं हाती लागणार नाही. घर घेण्याआधीच शुक्रवारी रात्री त्या खोलीत किंवा निदान त्या मजल्यावर उभं राहता आलं तर राहा.

अगदी जुन्या, दुकानांवरच्या घरांत रंग आणि पाइप विचारा. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात शिशाचा रंग असल्याचं मालकाला माहीत असेल तर करारापूर्वी त्याने ते भाडेकरूला लेखी सांगावं लागतं. तुमच्या देशात असा नियम असो वा नसो, घरात लहान मूल असेल तर चाचणीचा कागद मागाच.

नव्या टॉवरबद्दल एकच: शेजारचा भूखंड मोकळा असेल तर तिथला परवाना बघा. तुम्हाला आवडलेला तो उजेड कदाचित वर्षभराचाच असेल आणि त्या वर्षात सकाळी सातपासून खोदकाम चालू असेल.

३. जाहिरातीतलं भाडं बाजूला ठेवून खरं भाडं काढा

समजा छापील भाडं महिन्याला १,२०० आहे आणि १२ महिन्यांच्या करारात २ महिने माफ आहेत. तुम्ही वर्षात १२,००० भरता. म्हणजे सरासरी महिन्याला १,०००. दलाल हाच १,००० चा आकडा सांगतो आणि तो खोटा नसतो.

आता दुसरं वर्ष. मालक म्हणतो, "फक्त ५ टक्के वाढ." ती वाढ १,२०० वर बसते. नवं भाडं १,२६० आणि माफी नाही. तुमच्या खिशाच्या हिशेबाने १,००० चे १,२६० झाले: २६ टक्के.

मग मालक सरळ भाडंच १,००० का ठेवत नाही? कारण भाड्याच्या इमारतीची किंमत तिच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरते आणि बँक कर्ज देताना भाडेकरूंची यादी छापील भाड्यासह बघते. छापील आकडा उतरवला तर सगळ्या इमारतीचं मूल्य उतरतं. दोन महिने सोडून देणं त्याला स्वस्त पडतं. हे कारण समजलं की वाटाघाटीत काय मागायचं तेही समजतं. छापील भाडं कमी करा म्हणून हट्ट धरलात तर नकार मिळेल. त्याऐवजी हे मागून बघा:

- माफीचे महिने सुरुवातीला एकदम न घेता बारा महिन्यांत वाटून मिळावेत, म्हणजे खर्चाचा खरा अंदाज राहतो;
- करार १८ किंवा २४ महिन्यांचा, पण भाडं तेच;
- नूतनीकरणाच्या वेळी वाढ जास्तीत जास्त किती, हे आजच करारात लिहून.

तिसरी गोष्ट मिळवणं सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची. माझ्या तिसऱ्या घराच्या वेळी इमारत निम्मी रिकामी होती, म्हणून मिळाली. भरलेल्या इमारतीत मिळाली नसती.

भाड्याच्या जोडीला आणखी काय काय आहे, तेही लिहून काढा: पार्किंग, सुविधांचं शुल्क, पाणी, कचरा, इंटरनेट, पाळीव प्राण्याचं शुल्क, पार्सल ठेवण्याचं शुल्कसुद्धा. मध्यशहरात पार्किंग भाड्यात धरलेलं असेलच असं नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहराने तर २०१७ मध्ये नव्या इमारतींना ठरावीक पार्किंग देण्याची सक्तीच काढून टाकली. जर्मनीत या हिशेबाला दोन वेगळे शब्दच आहेत, 'थंड भाडं' आणि 'उबदार भाडं'. पहिलं नुसत्या जागेचं, दुसरं गरम करण्याच्या आणि इतर चालू खर्चासकट. कुठेही असलात तरी दोन घरांची तुलना दुसऱ्या आकड्याने करा.

४. दुसऱ्या वर्षी कायदा तुमच्या बाजूने आहे का, ते तपासा

"आमच्या शहरात भाडेवाढीवर मर्यादा आहे," असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. ते खरंही असेल. पण ती मर्यादा तुमच्या इमारतीला लागू आहे का? नव्या घरांना अशा कायद्यांतून वगळण्याची पद्धत बरीच रूढ आहे, कारण नाहीतर कोणी बांधणार नाही अशी सरकारांना धास्ती असते. कॅलिफोर्नियात २०२० पासून वार्षिक वाढीला कमाल १० टक्क्यांची मर्यादा आहे, पण १५ वर्षांच्या आतल्या इमारती त्यातून बाहेर. जर्मनीतला भाड्याला लगाम घालणारा २०१५ चा नियम १ ऑक्टोबर २०१४ नंतर प्रथम वापरात आलेल्या घरांना लागू नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथमच लोक राहायला आलेल्या इमारतींना वार्षिक वाढीची मर्यादा नाही. ओंटारिओचा नियम इमारत किती जुनी आहे ते बघत नाही, तिथे लोक राहायला कधी लागले ते बघतो. साठ वर्षांची कचेरी गेल्या वर्षी फ्लॅट झाली असेल, तर ती तिथे नवीच.

उलटंही घडतं. लोअर मॅनहॅटनच्या ज्या १९९५ च्या करसवलतीचा उल्लेख वर केला, ती घेतलेल्या इमारतींतली पुष्कळ घरं मालकांनी नियंत्रणाबाहेरची म्हणून भाड्याने दिली होती. २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सवलत चालू असेपर्यंत ती घरं भाडेनियंत्रणातच येतात. म्हणून मालकाला दोन प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा: या इमारतीने कोणती सरकारी सवलत घेतली आहे? ती कधी संपते? सवलतीच्या बदल्यात काही घरं कमी भाड्याने द्यायची अट असेल, तर त्यासाठी अर्ज कुठे करायचा तेही विचारा. अशा घरांची जाहिरात मालक फार मोठ्याने करत नाहीत.

५. तुमच्या आधी इथे कोण राहत होतं?

१९६४ मध्ये समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग शिरताना पाहिला आणि त्या बदलाला 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिलं. तेव्हापासून हा शब्द प्रत्येक वाढत्या शहराच्या मागे लागला आहे. रिकाम्या कचेरीचं घर झालं तर थेट कोणी बेघर होत नाही. पण जुन्या भाडेकरूंना दुरुस्तीच्या नावाखाली बाहेर काढून, रंग मारून दुप्पट भाड्याने दिलेलं घर तसं नसतं. मी शेजाऱ्यांना विचारते. जिथे एकाला असं काढलं, तिथे उद्या माझीही तीच पाळी येईल, हा स्वार्थाचा भाग झाला. पण मला तसल्या घरात झोपही लागणार नाही. इमारतीत भाडेकरूंची संघटना असेल तर करारापूर्वीच तिच्या कोणाशी तरी बोला. दहा मिनिटांत जे कळतं ते कोणत्याही जाहिरातीत नसतं.

६. चार वेळा जा

कामाच्या दिवशी सकाळी, त्याच दिवशी रात्री दहानंतर, शुक्रवारी किंवा शनिवारी मध्यरात्री आणि रविवारी दुपारी. कचेऱ्यांचा भाग रविवारी पार बदलतो: दुकानं बंद, बसच्या फेऱ्या कमी. शेवटची बस किंवा मेट्रो किती वाजता, हे वेळापत्रकात बघून ठेवा. सकाळी लिफ्टची वाट पाहा आणि घड्याळ लावा.

७. कागदपत्रं एका फाइलमध्ये तयार ठेवा

चांगलं घर दोन दिवसांत जातं, त्यामुळे धावाधाव नको. बहुतेक ठिकाणी हे लागतं:

- ओळखपत्र; परदेशी असाल तर राहण्याचा परवाना किंवा व्हिसा;
- नोकरीचं पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या; स्वतःचा व्यवसाय असेल तर करविवरण;
- बँक खात्याचा उतारा;
- आधीच्या घरमालकाचं पत्र किंवा वेळेवर भाडं भरल्याच्या पावत्या;
- जिथे पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट) चालतो तिथे तो;
- जामीनदार लागणार असेल तर त्याचीही हीच कागदपत्रं.

उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं, अशी अट अनेक मोठे मालक घालतात. ते छापील भाड्याच्या तिप्पट की सरासरी भाड्याच्या, हे विचारून घ्या. नव्या शहरात तुमचा पतइतिहासच नसेल तर जामीनदार किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेचं पत्र चालेल का, ते अर्जाआधी विचारा. अर्जाचं शुल्क सहसा परत मिळत नाही.

घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, किंवा तुमच्या भरवशाच्या माणसाने पाहिल्याशिवाय, एक पैसाही पाठवू नका. 'मालक परदेशात आहे, चावी कुरियरने येईल' ही कथा नव्याने आलेल्यांसाठीच रचलेली असते. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर उलट शोधून बघा, म्हणजे फोटो टाकून तो आणखी कुठे दिसतो ते शोधा. पुष्कळदा तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या घरविक्रीच्या जाहिरातीत सापडतात.

८. करारात ही कलमं शोधा

करार घरी आणा आणि एका बैठकीत पूर्ण वाचा. मी पेन्सिलने खुणा करते.

मुदतीआधी घर सोडलं तर माफ झालेलं भाडं परत द्यावं लागेल, असं कलम सवलतीच्या करारात बहुधा असतंच. त्यावर दंड वेगळा. नोकरी बदलण्याची शक्यता असेल तर हे कलम सवलतीपेक्षा महाग पडू शकतं. घर सोडणार असल्याची सूचना किती दिवस आधी द्यायची ते बघा. ६० दिवस लिहिलं असेल आणि तुम्ही ३० दिवस आधी सांगितलं, तर एक महिन्याचं भाडं गेलं. न सांगितल्यास करार आपोआप पुढे चालू होतो का, तेही बघा.

गच्ची, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव अजून तयार नसेल तर तो कधीपर्यंत होईल आणि झाला नाही तर भाड्यात किती सूट, हे लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारी व्यक्ती सहा महिन्यांत दुसऱ्या इमारतीच्या कामावर गेलेली असते. माझ्या दुसऱ्या घराची गच्ची मी तिथे असेपर्यंत बंदच होती आणि तिच्या देखभालीचं शुल्क मी दरमहा भरत होते.

अनामत रकमेवर पुष्कळ ठिकाणी कायद्याची मर्यादा आहे. जर्मनीत ती तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी आहे. इंग्लंडमध्ये २०१९ पासून बहुतेक घरांसाठी ती पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी आहे, आणि रक्कम मान्यताप्राप्त योजनेत ठेवावी लागते. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिने सुचवले आहेत, पण तो राज्याने स्वीकारला असेल तरच लागू. तुमच्या शहराचा नियम करारावर सही करण्याआधी वाचा.

९. चावी घेतली त्याच दिवशी

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा: भिंती, जमीन, नळाखालचा भाग, खिडकीच्या कडा, प्रत्येक मीटरचा आकडा. त्रुटींची यादी त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवा. नुकत्याच रूपांतरित झालेल्या इमारतीत पहिल्या पावसात खिडक्या गळणं, ड्रेनेज तुंबणं असले प्रकार होतात. ते तुमच्यामुळे झाले नाहीत, हे या एका ईमेलवरून सिद्ध होतं.

१०. नवव्या महिन्याला कॅलेंडरवर खूण करा

नूतनीकरणाच्या पत्राची वाट पाहू नका. नवव्या महिन्यात स्वतःच इमारतीच्या जाहिराती बघा. तुमच्यासारखाच फ्लॅट नव्या भाडेकरूला किती भाड्याने आणि किती महिने माफीसह देत आहेत? तो आकडा छापून ठेवा. शेजारच्या इमारती किती रिकाम्या आहेत, कोणती पुढच्या तिमाहीत उघडते आहे, हे परवान्यांच्या यादीतून पुन्हा बघा. मग पत्र लिहा: वर्षभर भाडं वेळेवर भरलं, घर नीट ठेवलं, नव्या भाडेकरूला जी सवलत देता तीच मला द्या. फ्लॅट महिनाभर रिकामा राहिला तर मालकाचं एक महिन्याचं भाडं जातं, वर रंगकाम आणि दलाली. हा आकडा पत्रात स्पष्ट मांडा. उत्तर लेखी मागा आणि सूचनेची मुदत संपण्याच्या निदान दोन आठवडे आधी मागा, म्हणजे नकार आला तरी दुसरं घर बघायला वेळ हातात राहतो.